रोमन जगात पोहोचलेले भारतीय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारत-रोम व्यापाराची चर्चा निघाली की मिरी, मलमल आणि सोन्याची नाणी यांच्यापुढे ती सहसा जात नाही. यवन, म्हणजे ग्रीक-रोमन, व्यापारी आपल्या किनाऱ्यावर उतरले, माल घेऊन परत गेले, एवढ्यावर गोष्ट संपते. पण त्याच समुद्रावरून आपली माणसंही पश्चिमेला जात होती. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली नावं गेल्या काही दशकांत एकामागून एक उजेडात आली आहेत. ती नावं आपल्या पाठ्यपुस्तकांत अजून पोहोचलेली नाहीत, ही खंत मनात ठेवून हे प्रश्न एकत्र केले आहेत.

भारतीय खरोखर रोमन साम्राज्यात गेले होते का, की हा अभिमानापोटी केलेला दावा आहे?

गेले होते, आणि पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. सम्राट ऑगस्टसनं आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तांत कोरून घ्यायला सांगितला, त्यात भारतातल्या राजांचे वकील आपल्याकडे अनेकदा आले आणि त्याआधी ते कुठल्याही रोमन सेनानीकडे आलेले नव्हते, असं त्यानं अभिमानानं नोंदवलं आहे. डेशियाचं, म्हणजे आजच्या रोमानियाकडचं, युद्ध जिंकून सम्राट ट्राजन इ.स. १०७ च्या सुमारास रोमला परतला, तेव्हा १२३ दिवस चाललेल्या खेळांच्या काळात भारतीय वकीलही आले होते, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. ट्राजननं परदेशी वकिलांना सिनेटरांच्या आसनांवर बसवून खेळ दाखवले होते.

अलेक्झांड्रियाच्या नागरिकांपुढे भाषण करताना वक्ता डिओ क्रिसोस्टम म्हणतो की, तुमच्या प्रेक्षागारात मला ग्रीक आणि इटालियन तर दिसतातच, शिवाय बॅक्ट्रियन, शक, इराणी आणि काही भारतीयही दिसतात. मला हे वाक्य राजदूतांच्या वर्णनांपेक्षा मोलाचं वाटतं. हे भारतीय कुणाचे वकील नव्हते, नजराणे घेऊन आलेले नव्हते. ते शहरात राहत होते आणि चार लोकांसारखे नाटक-तमाशे बघायला येऊन बसले होते.

मात्र तो ‘काही’च म्हणतो, हेही लक्षात ठेवावं. रोममध्ये भारतीयांची मोठी वस्ती होती वगैरे जे सांगितलं जातं, त्याला आधार नाही.

ऑगस्टसकडे गेलेल्या वकिलांबद्दल काय माहिती आहे?

बरीच, कारण त्यांना प्रत्यक्ष भेटलेल्या माणसाची साक्ष उरली आहे. दमास्कसचा इतिहासकार निकोलाउस याला ते सीरियातल्या अँटिओक शहराजवळ भेटले. त्याचं म्हणणं भूगोलकार स्ट्रॅबोनं उतरवून ठेवलं आहे. निघताना वकील पुष्कळ होते, पत्रात त्यांचा उल्लेखही होता, पण निकोलाउसला भेटले ते फक्त तिघे. बाकीचे वाटेत दगावले होते, मुख्यतः प्रवासाच्या लांबीमुळे. त्यांच्याजवळचं पत्र कातड्यावर ग्रीक भाषेत लिहिलेलं होतं. सहाशे राजांवर सत्ता चालवणारा पोरस नावाचा राजा त्यात सम्राटाशी मैत्री मागत होता आणि आपल्या मुलखातून वाट द्यायला तयार होता.

नजराणे घेऊन आठ सेवक आले होते. कमरेला फक्त वस्त्र आणि अंगाला सुगंधी द्रव्यं लावलेली. नजराण्यात मोठाले साप, नदीतलं एक प्रचंड कासव, गिधाडाहून मोठा तित्तिर आणि जन्मतः दोन्ही हात नसलेला एक तरुण होता. या तरुणाला आपण स्वतः पाहिल्याचं स्ट्रॅबो सांगतो. कॅसियस डिओच्या मते तो पायानं धनुष्य ओढायचा आणि तुतारी तोंडाला लावायचा. त्या मुलाचं पुढं काय झालं, कोणीही लिहिलेलं नाही. त्याला ग्रीक देवाच्या हात नसलेल्या दगडी खांबांवरून ‘हर्मीस’ म्हणत, एवढंच त्याचं नाव आपल्यापर्यंत आलं. माणूस नजराण्यात दिला जातो आणि सापा-कासवांच्या यादीत मोजला जातो, हे या वैभवशाली वर्णनात वाचताना डोळ्याआड करू नये.

डिओ वाघांचाही उल्लेख करतो. रोमनांनी, आणि त्याच्या मते ग्रीकांनीही, वाघ तेव्हा पहिल्यांदा पाहिले. ऑगस्टस त्या वेळी सामोस बेटावर हिवाळ्याला थांबला होता, म्हणजे इ.स.पूर्व २० च्या सुमारास.

अथेन्समध्ये स्वतःला जाळून घेणारा भारतीय कोण होता?

याच वकिलांबरोबर आलेला एक माणूस. स्ट्रॅबो त्याचं नाव झार्मनोखेगास असं देतो, तर डिओ झार्मरोस. अथेन्सला पोहोचल्यावर त्यानं जवळच्या एल्युसिस इथल्या धार्मिक गूढविधींची दीक्षा घेतली. विधीची ठरलेली वेळ नसतानाही ऑगस्टससाठी तो केला गेला होता, असं डिओ म्हणतो. मग अंगाला तेल लावून, कमरेला फक्त वस्त्र गुंडाळून, हसत हसत त्यानं चितेवर उडी घेतली. आतापर्यंत सगळं मनासारखं झालं, पुढे काही विपरीत घडण्याआधी निघून जावं, असा त्याचा विचार असल्याचं स्ट्रॅबो सांगतो.

त्याच्या थडग्यावरचा लेखही स्ट्रॅबोनं दिला आहे: ‘भारतीयांच्या पूर्वापार रीतीप्रमाणे स्वतःला अमर करणारा, बार्गोसाचा भारतीय झार्मनोखेगास इथे विसावला आहे.’ बार्गोसा म्हणजे भडोच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शंभरेक वर्षांनी ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो, तेव्हाही अथेन्समध्ये ‘भारतीयाचं थडगं’ लोकांना दाखवलं जात होतं.

तो बौद्ध होता का? नावात ‘श्रमण’ डोकावतो म्हणून तसं म्हणणारे आहेत. पण श्रमण जैन असत, आजीवक असत, आणखीही पंथांचे असत. स्वेच्छेनं देह ठेवण्याची परंपराही एकाच पंथाची नव्हती. त्याला कुठल्याही एका धर्माच्या खात्यावर जमा करण्याची घाई करू नये.

भडोचहून रोमला पोहोचायला किती काळ लागायचा?

सगळं वाऱ्यावर होतं. परतीची जहाजं आपल्या किनाऱ्यावरून डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येचे वारे लागले की सुटत. अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरायचं आणि इजिप्तच्या बेरेनिके किंवा मायोस होर्मोस बंदरात उतरायचं. बेरेनिकेहून नाईलकाठच्या कोप्टोसपर्यंत उंटांवरून बारा दिवसांचं वाळवंट. उन्हामुळे ही वाट बरीचशी रात्री चालत आणि दिवस पाणवठ्याच्या ठाण्यांवर काढत, असं पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो. पुढे नाईलमधून अलेक्झांड्रिया, आणि तिथून भूमध्य समुद्रावरून इटली. या शेवटच्या टप्प्यात वारा समोरून असल्यानं महिना-दोन महिने सहज जात.

म्हणजे डिसेंबरात निघालेला माणूस उन्हाळ्यात रोमला पोहोचणार. इकडे येणारी जहाजं इजिप्तहून जुलैत सुटत, ती त्याला त्या वर्षी मिळणं कठीण. मग मुक्काम पुढच्या जुलैपर्यंत आणि घरी पोहोचायला निघाल्यापासून जवळजवळ दोन वर्षं. अलेक्झांड्रियापर्यंतच जाऊन येणाऱ्याचं काम मात्र दहाएक महिन्यांत उरकत असे. बहुतेक भारतीय खुणा इटलीत न सापडता इजिप्तमध्ये आणि वाटेवर का सापडतात, याचं एक कारण या वेळापत्रकातच आहे, असं मला वाटतं.

सोकोत्रा बेटावरच्या गुहेचं एवढं महत्त्व का?

कारण तिथे आपली माणसं स्वतः बोलतात. येमेनच्या दक्षिणेला, एडनच्या आखाताच्या तोंडाशी सोकोत्रा बेट आहे. तिथली होक नावाची गुहा समुद्राकडे तोंड करून डोंगरात उंचावर आहे आणि दोनेक किलोमीटरपेक्षा जास्त खोल जाते. या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियन गुहाशोधक आत गेले, तेव्हा उजेड पोहोचत नाही अशा भागात त्यांना भिंतींवर, खडकांवर आणि जमिनीवर लेख दिसले. कुणी ओल्या मातीनं लिहिलेले, कुणी कोळशानं, कुणी टोकदार वस्तूनं कोरलेले. दोनशेहून थोड्या अधिक लेखांपैकी बहुसंख्य ब्राह्मी लिपीत आहेत. दक्षिण अरबी, इथिओपियन आणि ग्रीक लेखही आहेत, शिवाय सीरियातल्या पाल्मिरा शहराच्या एका माणसानं इ.स. २५८ मध्ये लिहिलेली लाकडी पाटी आहे.

भारतीय लेख बहुतेक अगदी छोटे आहेत. अमुक आला, अमक्याचा मुलगा अमुक, बस्स. कुणी भरुकच्छाचा म्हणजे भडोचचा, कुणी हस्तकवप्राचा, म्हणजे सौराष्ट्रातल्या आजच्या हाथबचा. काहींनी आपण नाविक असल्याचं लिहिलं आहे. बाजूला जहाजाचं आणि स्तूपाचं चित्रही आहे. वैष्णव वाटणारी नावं आहेत, शैव आहेत, बौद्ध आहेत, सगळी एकाच गुहेत. हे लेख साधारण इ.स.च्या दुसऱ्या ते पाचव्या शतकातले.

‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं ग्रीक प्रवासवर्णन सांगतं, की सोकोत्रावर अरब, भारतीय आणि थोडे ग्रीक अशी व्यापारासाठी आलेली परकी माणसं राहतात. एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानं एका ओळीत टाकलेली ही नोंद गुहेतल्या नावांनी खरी ठरवली.

इजिप्तमध्ये भारतीयांच्या कोणत्या खुणा सापडल्या?

मायोस होर्मोसपासून, म्हणजे आजच्या कुसेर अल-कदीमपासून सुरुवात करू. तिथे एका खापरावर प्राकृतात, ब्राह्मी अक्षरांत लिहिलेली यादी मिळाली. हालक, विण्हुदत आणि नाकद अशी तीन माणसं, आणि त्यांच्यापुढे तेल, मांस, मद्य अशा जिनसा. कुणाला किती शिधा दिला याची ही नोंद असावी. दरबार नाही, पराक्रम नाही, तीन माणसांच्या जेवणाचा हिशेब आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तांबड्या समुद्राच्या काठी बसून हा हिशेब ज्या भाषेत ठेवला गेला, ती आपल्या सातवाहनांच्या लेखांतल्या प्राकृताच्या नात्यातली आहे. ‘विण्हुदत’ म्हणजे विष्णुदत्त, हे मराठी वाचकाला कुणी सांगावं लागत नाही. त्याच बंदरात तमिळ-ब्राह्मीत ‘कणन’, ‘चातन’ अशी नावं कोरलेली खापरंही आहेत.

बेरेनिकेला १९९४ पासून उत्खनन चालू आहे. सेरापिस या ग्रीक-इजिप्शियन देवाच्या देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. सागवानाच्या तुळया, सुती कापडाचे तुकडे, तांदूळ, मूग आणि नारळाच्या करवंट्या मिळाल्या. तांदूळ-मूग हा मोठ्या नफ्याचा माल नव्हे. तो कुणाच्या तरी चुलीसाठी आला होता, असं उत्खननकर्त्यांनाही वाटतं. तिथल्या प्राण्यांच्या दफनभूमीत भारतीय जातीच्या माकडांचे सांगाडेही आहेत.

बेरेनिकेची बुद्धमूर्ती खरी आहे का?

खरी आहे. अमेरिकन-पोलिश पथकाला ती इसिस या इजिप्शियन देवीच्या देवळाच्या आवारात २०२२ मध्ये मिळाली आणि २०२३ मध्ये बातमी जाहीर झाली. उंची ७१ सेंटीमीटर. उजवी बाजू आणि उजवा पाय तुटलेला, डोक्यामागे किरणांचं तेजोवलय, शेजारी कमळ. दगड इस्तंबूलच्या दक्षिणेकडच्या खाणीतला असावा, म्हणजे मूर्ती भारतातून आणलेली नाही. ती बहुधा अलेक्झांड्रियात घडवली गेली. परदेशात राहणाऱ्या कुणी तिथल्या कारागिराला सांगून आपल्या श्रद्धेची मूर्ती करून घेतली, असा याचा सरळ अर्थ निघतो.

त्याच देवळात रोमन सम्राट फिलिप याच्या काळातला (इ.स. २४४ ते २४९) संस्कृत लेखही मिळाला. भारतीय माणूस इजिप्तमधल्या देवळात संस्कृतात लिहितो आणि काळ सांगताना रोमन सम्राटाचा हवाला देतो. आणि तिथेच दुसऱ्या शतकातली सातवाहनांची दोन नाणी मिळाली.

म्हणजे महाराष्ट्रातून लोक गेले होते?

नाण्यांवरून तसं सिद्ध होत नाही. नाणं कुणाच्याही कनवटीला लागून प्रवास करतं. पण दख्खनचा या वाटेशी संबंध होता, हे निर्विवाद आहे. ‘पेरिप्लस’ पैठण आणि तेर या दोन्ही शहरांची नावं घेतो. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला जायचं, पैठण भडोचपासून वीस दिवसांवर, तेर तिथून आणखी दहा दिवसांवर, असं तो सांगतो. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरंही त्याला ठाऊक आहेत. कल्याणला चुकून उतरलेली ग्रीक जहाजं पहारा लावून भडोचला नेली जातात, अशी तक्रारही तो करतो. हा पश्चिम भारतातला शक राजा नहपान क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातल्या संघर्षाचा काळ होता.

कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं कान्हेरीच्या लेण्यांत दानलेखांत आहेत. नहपानाच्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरं आहेत. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये अशी तेरा हजारांहून अधिक नाणी एकत्र मिळाली आणि त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारून पुन्हा चलनात आणली होती. अशा मुलखातला एखादा वाणी किंवा खलाशी भडोचमार्गे पश्चिमेला गेला नसेल, हे मानणंच अवघड आहे. त्याचं गावासकट नाव लिहिलेलं खापर मात्र अजून हाती यायचं आहे.

पाँपेईत सापडलेली मूर्ती लक्ष्मीची आहे का?

बहुधा नाही, तरी ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. १९३८ मध्ये एका घराच्या उत्खननात ही सुमारे २४ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. व्हेसुव्हियसचा उद्रेक इ.स. ७९ चा, म्हणजे ती त्याआधी तिथे पोहोचली होती. दोन बाजूंना दोन छोट्या दासी आहेत. तिच्या हातांत कोपराकडे चढत जाणाऱ्या बांगड्यांची चळत, पायांत एकावर एक चढवलेले वाळे, गळ्यात भरघोस हार आणि कमरेला मेखला आहे. अंगावर दागिन्यांखेरीज जवळपास काही नाही. वरून खाली छिद्र पाडलेलं आहे, त्यामुळे ती एखाद्या आरशाची मूठ किंवा छोट्या चौरंगाचा पाय असावी. लक्ष्मीची म्हणावीत अशी लक्षणं नाहीत, यक्षी म्हणणं जास्त योग्य.

मराठवाड्याशी तिचं जवळचं नातं आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात आणि तेरला अगदी याच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या. तळाशी खरोष्ठीतलं अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येची, म्हणून काही जण तिला गांधाराकडची मानतात. पण क्षत्रपांमुळे खरोष्ठी पश्चिम भारतातही वापरात होती. मला स्वतःला भोकरदनची बाजू जास्त वजनदार वाटते.

कार्ले, जुन्नरच्या लेण्यांतले यवन दाते रोमन होते का?

तसं म्हणता येत नाही. त्यांतल्या अनेकांची नावं पूर्ण भारतीय आहेत, आणि वायव्य भारतात ग्रीक वंशाचे लोक कित्येक पिढ्या राहत होते. काही जण समुद्रावरून आलेले असू शकतात, सरसकट नव्हे.

श्रीलंकेतून कोणी गेलं होतं का?

सम्राट क्लॉडियसच्या काळात चार वकील गेले, त्यांच्या प्रमुखाचं नाव प्लिनी राखियास देतो. कारणही गमतीशीर आहे. तांबड्या समुद्राच्या जकातीचा मक्ता अॅनियस प्लोकामस या रोमनाकडे होता. त्याचा एक मुक्त केलेला गुलाम वादळानं भरकटत श्रीलंकेला लागला आणि सहा महिन्यांत तिथली भाषा शिकला. त्याच्याजवळची चांदीची नाणी वेगवेगळ्या सम्राटांची असूनही एकाच वजनाची होती, हे पाहून तिथला राजा प्रभावित झाला. याच प्लोकामसचा लायसस नावाचा गुलाम बेरेनिकेच्या वाटेवर इ.स. ६ मध्ये खडकावर नाव कोरून गेला आहे, त्यामुळे हे घराणं काल्पनिक नाही.

पण प्लिनी पुढे म्हणतो, की या वकिलांना रोममध्ये सप्तर्षी आणि कृत्तिका पाहून नवल वाटलं. श्रीलंकेतून दोन्ही दिसतात. दुभाष्याकडून ऐकलेलं पुस्तकात उतरेपर्यंत किती बदलतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

चिनी प्रवासी रोमला पोहोचले का?

गान यिंग जवळ गेला होता. इ.स. ९७ मध्ये सेनापती बान चाओनं त्याला ‘दाचिन’कडे, म्हणजे रोमकडे पाठवलं. तो पश्चिमेच्या समुद्रापर्यंत पोहोचला. तिथल्या पार्थियन, म्हणजे तेव्हाच्या इराणी साम्राज्यातल्या, खलाशांनी सांगितलं, की वारा अनुकूल असेल तर तीन महिने, नसेल तर दोन वर्षं लागतात, म्हणून लोक तीन वर्षांचा शिधा घेऊन निघतात. तो तिथूनच परत फिरला. रेशमाच्या व्यापारात मध्यस्थ म्हणून पार्थियनांचा फायदा होता, तेव्हा त्यांनी मुद्दाम घाबरवलं असावं, असं अनेकांना वाटतं.

इटलीत पूर्व आशियाई माणसाचा सांगाडा सापडला, हे खरं का?

दक्षिण इटलीतल्या वान्यारी इथे सम्राटाच्या मालकीच्या जमिनीवरचं, पहिल्या ते चौथ्या शतकातलं कब्रस्तान आहे. तिथल्या एका सांगाड्याचा मातृवंशाचा डीएनए पूर्व आशियात आढळणाऱ्या प्रकारचा निघाला. पण मातृवंशाचा डीएनए आईकडून लेकरांकडे शेकडो वर्षं उतरत येतो. त्यामुळे ती व्यक्ती स्वतः तिकडून आली, की तिची कुणी पूर्वज आली होती, हे त्यावरून ठरत नाही.

आशियातले सर्वांत दूर गेलेले लोक कोणते?

सीरियातल्या पाल्मिराचे लोक या बाबतीत विलक्षण होते. त्यांचे व्यापारी इ.स. १५७ मध्ये सिंधूच्या मुखाकडून जहाजानं परतल्याची नोंद आहे. आणि दुसऱ्या टोकाला, इंग्लंडच्या उत्तरेला साउथ शील्ड्स इथे बाराटेस या पाल्मिराच्या माणसानं आपल्या बायकोचं थडगं बांधलं. तिचं नाव रेजिना. ती ब्रिटनमधल्या कातुवेल्लौनी जमातीची, आधी त्याची गुलाम, मग मुक्त केलेली आणि पत्नी. तिसाव्या वर्षी गेली. वर लॅटिन मजकूर रीतसर आहे. त्याखाली बाराटेसनं स्वतःच्या भाषेत एक ओळ कोरवली: ‘रेजिना, बाराटेसची मुक्त स्त्री, हाय!’ आसपास ती वाचू शकणारं क्वचितच कुणी असेल.

ब्राह्मण आणि बौद्धांबद्दल रोमनांना किती माहिती होती?

अर्धवट, पण अगदी शून्य नाही. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट ‘बुत्ता’च्या, म्हणजे बुद्धाच्या, अनुयायांचा उल्लेख करतो. पुढे काही वर्षांनी सीरियाकडच्या एडेसाचा विचारवंत बार्दाइसान सम्राटाकडे निघालेल्या भारतीय वकिलांना भेटला. त्यांनी त्याला ब्राह्मण आणि श्रमण यांतला फरक सांगितला, आणि एका गुहेतल्या अर्ध्या पुरुष, अर्ध्या स्त्रीच्या भव्य मूर्तीचं वर्णन केलं. ती अर्धनारीश्वराची हे उघड आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अलेक्झांड्रियात सेव्हेरस या माजी कॉन्सलच्या, म्हणजे बड्या रोमन पदाधिकाऱ्याच्या, घरी काही ब्राह्मण उतरले होते. ते सार्वजनिक स्नानगृहांत जात नसत, शहर बघायला बाहेर पडत नसत. खजूर आणि भात खात, पाणी पीत.

हे सगळं कुठे पाहता येईल?

पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, रेजिनाचं थडगं साउथ शील्ड्सला. आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यात तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या वस्तूंचा सुरेख संग्रह आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती आहे. कान्हेरी, कार्ले आणि जुन्नरचे दानलेख मूळ जागीच आहेत. जाताना ब्राह्मीची वर्णमाला सोबत ठेवा. थोड्या सरावानं नावं वाचता येऊ लागतात.